आक्कांचा मळा

ताप उतरेना आणि पायांवर निळे डाग उठले, म्हणून माझं रक्त तपासलं, तर रक्ताचा कॅन्सर निघाला. बेळगावच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर निपाणीकडच्या एक आक्का असायच्या. त्यांनाही तोच आजार होता. नर्सशी त्या कानडीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. केमोची बाटली लागली की डोळे मिटून हळूच म्हणायच्या, "बांधावर आले बघ. ज्वारी पोटरीला आलीया, आता कणीस भाईर पडंल." मग बाटली संपेपर्यंत त्या मळ्यात हिंडत राहायच्या. ऐकता ऐकता ज्वारीच्या ताटांतून वाहणारा वारा मलाही ऐकू यायचा.

कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायचा होता, त्या दिवशी मी नर्सला पुन्हा पुन्हा विचारत होते, किती दुखेल. आक्कांनी पडद्याखालून हात पुढे केला.

"भिऊ नगं गं. डोळं मीट आन् माझ्यासंगं चल."

सुई आत शिरली तेव्हा मी त्यांच्या मळ्याच्या वाटेवर होते. दुखलं, पण कुठंतरी लांब.

काही महिन्यांनी आम्हा दोघींचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. माझ्या रक्तात आजाराची खूण उरली नव्हती. त्यांचा आजार परतला होता. मला माझा आनंद लपवावासा वाटला. ते त्यांनी ओळखलं. उठून आल्या, माझ्या नुकत्याच उगवलेल्या केसांवरून हात फिरवला.

"तोंड पाडू नगंस. लई झ्याक झालं. घरी जाऊन कायतरी गोड कर."

संध्याकाळी मी शिरा केला. पहिला घास घेतला आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.