परसातल्या बुंध्यावरून

दादा गेल्याचा निरोप मसुऱ्याला माझ्या सासरी आला. रडून झाल्यावर मी निरोप्याला विचारलं, "पिल्लू उडाला काय रे?" तो म्हणाला, "खयचा पिल्लू?" त्याचा तरी काय दोष...

दादा, माझा थोरला भाऊ, समुद्रकाठच्या आमच्या गावात शाळामास्तर होता. मुंबई राज्य होतं तेव्हापासून देवळामागच्या राईत, जुन्या आंब्यावर राहणाऱ्या काकणांची, म्हणजे समुद्रगरुडांची, तो वहीत नोंद ठेवायचा. सुरुवातीला एकदा शिडी लावून अंडी बघायला चढला. जोडी उडाली, ती त्या वर्षी अंड्यांवर परत बसलीच नाही. "माझ्या हावशेपायी तेंचा वरस फुकट गेला गो," म्हणाला आणि दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर झाडाखाली जायचा तो फक्त पक्षी लांब गेल्यावर, घरट्यातून खाली पडलेली हाडंकाटे टोपलीत वेचायला. या कचऱ्यावरून मी त्याची भरपूर थट्टा केली.

पुढे गावानं होडीसाठी तोच आंबा तोडायचं ठरवलं. देवाचा कौल तेवढा घ्यायचा होता. दादाचा कौलावर विश्वास नव्हता, गावावर होता. कौलाच्या सकाळी त्यानं देवळाच्या पायरीवर ती टोपली उपडी केली. माशांचे काटे, आणि त्यांत समुद्रातल्या सापांचे मणकेच मणके. होड्यांचा म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या तांडेलाचा मुलगा जाळ्यात आलेला साप चावून गेला होता. तांडेलानं त्यातला एक मणका उचलून हातात धरला. मग म्हणाला, "ह्यांका खाणारो आमच्या दारात ऱ्हवता, आणि आमी तेचा घर मोडूचा?" कौल लावायची वेळच आली नाही.

होडीला लाकूड मात्र हवंच होतं. दादानं आमच्या परसातला आंबा देऊन टाकला, तोही मला न विचारता. माझ्या लोणच्याचा आंबा तो! मी तेव्हा माहेरीच होते, महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. पण झाड पडलं आणि परसातून थेट घरटं दिसायला लागलं. दादा त्या बुंध्यावर जो बसला, तो पुढे रोज सकाळी तिथंच. वर्षामागून वर्षं पिल्लं उडाली, खाडीपलीकडे सुरूच्या बनात दुसरं घरटं झालं. माझा दादा जिंकला, हे मी अभिमानानं सांगते.

माहेरी दादाचे दिवस झाल्यावर मी त्याची वही घेऊन बुंध्यावर बसले. त्याची शेवटची ओळ होती, 'पिल्लू काठावर उभे. पंख मारते.' दोन सकाळी काही घडलं नाही. तिसऱ्या सकाळी चहा गार होईपर्यंत वर बघत राहिले... आणि त्याच्या सुबक अक्षराखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'उडाले.'