अचलपूरच्या स्टँडवरची न आठवणारी दुपार

सकाळी अकोल्याला गाडीतून उतरले आणि फलाटावरची बाकडी, जिना, चहाची टपरी असं सगळं नीट न्याहाळलं. पाच महिन्यांपूर्वी मी इथेच उतरले होते, असं जुनं तिकीट सांगतं. मला मात्र एकही खूण पटेना. निवृत्तीनंतर एकटीने वऱ्हाड पाहायचं ठरवून मी सांगलीहून निघाले होते, आणि त्यातलं पुण्यापर्यंतचं आठवतं. पुढे एकदम अमरावतीच्या दवाखान्याचं छत दिसतं आणि छातीत ठणका जाणवतो. मधल्या काळात अचलपूरच्या बसस्टँडवर माझं हृदय थांबलं होतं. तिथे बसची वाट बघणाऱ्या एका नवरा-बायकोने हातांनी छाती दाबत राहून मला जगवलं. या खेपेला मी त्यांनाच भेटायला निघाले होते.

अमरावतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाकडे चालल्या?" ओळखीच्यांकडे म्हणावं तर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खिडकीबाहेर काळ्या रानात हरभरा उभा होता. हे सगळं मागे एकदा पाहिलंय की पहिल्यांदाच पाहतेय, याचाच मी विचार करत राहिले.

अमरावतीत गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला. त्याच ताटलीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आधीपासून होता. चव मात्र नवी लागली.

दुपारी अचलपूरला पोचले. स्टँडवर चौकशी केली, तर प्रत्येकाची हकिकत वेगळी. फळवाल्या आजी म्हणाल्या, हिरव्या साडीतली बाई कडुनिंबाखाली पडली. मी तर साडी नेसत नाही. चहावाले काका म्हणाले, पडली ती चौकशीच्या खिडकीसमोर. कुणी फिट आली म्हणून जोडा हुंगवला, कुणी तोंडावर पाणी मारलं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं.

"श्वास हाय, श्वास हाय म्हनत होते सारे," काका म्हणाले. "घरघर करून राहिल्या होत्या ना तुमी."

तो श्वास नव्हताच. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं होतं की हृदय थांबल्यावरही माणूस थोडा वेळ असे आचके देतो आणि बघणारे त्यालाच श्वास समजतात. स्वतःच्या घरघरीबद्दल परक्या माणसाकडून ऐकताना मला काय वाटायला हवं होतं, कोण जाणे. मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठला गेले. मला जगवणारे प्रकाश वानखडे तिथल्या एका कापड कारखान्यात फिटर आहेत. त्यांची बायको संगीता त्या दिवशी माझी पर्स सांभाळत रुग्णवाहिकेतून आली होती आणि तिनेच आमच्या घरी फोन केला होता. त्यामुळे तिचा नंबर आमच्याकडे होता. घरात शिरताच तिने माझे दोन्ही हात धरले. प्रकाश दाराशीच उभे राहिले. माझ्याकडे बघेनात.

जेवणं झाली तरी त्यांचं तसंच. शेवटी खाली बघत त्यांनी विचारलं, "फासळी दुखते का अजून?" दाबताना कट्ट असा आवाज आला होता म्हणे. तेव्हापासून ते धसकले होते. दुखत नाही, असं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की बरगडी जुळते, थांबलेलं हृदय वाट बघत नाही.

त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाले, "मले येत होतं, मावशी. कारखान्यात शिकवलं होतं. तरी मी उभाच राह्यलो. परक्या बाईच्या छातीले हात कसा लावू? लोक काय म्हनतीन?"

संगीता म्हणाली, "मीच म्हनलं, बाई-मानूस नका पाहू. जीव चालला तिचा."

किती वेळ उभे होते, हे मी विचारलं नाही. मला राग यायला हवा होता की आभार मानायला हवे होते? दोन्ही एकदमच दाटून आलं. तोंडातून भलतंच निघालं, "मला शिकवता का?"

त्यांनी जमिनीवर उशी ठेवली. हाक मारून, खांदा हलवून बघायचं. उत्तर नाही, नीट श्वास नाही, तर आधी रुग्णवाहिका बोलवायला सांगायचं. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. सेकंदाला जवळजवळ दोनदा, जोरात दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत नसेल, तरी हात थांबवायचे नाहीत. दमलो की दुसऱ्याने घ्यायचं. त्या दुपारी संगीताने असंच आळीपाळीने घेतलं होतं. मी पन्नासातच धापा टाकू लागले. ही दोघं रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत होती.

निघताना प्रकाशनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याचा अर्थ त्यांनी काय घेतला, ठाऊक नाही.

सांगलीला परतल्यावर यांनी विचारलं, सापडलं का काही? हरवलेला दिवस काही सापडला नव्हता. मी उशी जमिनीवर ठेवून यांना गुडघ्यांवर बसवलं. हे अवघडत दाबू लागले, मी "अजून जोरात" म्हणत राहिले.

मध्येच हात थांबवून यांनी विचारलं, "आणि समोर परकी बाई असली तर?"

मी यांच्याकडे बघत राहिले. अचलपुरात ती परकी बाई मीच होते, हे यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग मान खाली घालून हे पुन्हा दाबू लागले, या वेळी जोरात.