पेटीवरची मतं

ठकूआत्या गेल्याचा निरोप खंडाळ्याला आमच्याकडे आणला तो दूधवाल्या धोंडूनं. "ताई, आत्या गेल्या," एवढंच म्हणाला आणि किटली खाली ठेवून ओट्यावर बसला. आदल्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभेत कडाकडा भांडलेली बाई झोपेत जाते, हे मला पटेना. मी त्याच्यासमोरच रडले. त्याला आता महिना होत आला...

आत्या माझ्या वडिलांची बहीण, भाजे गावची लेक, लोणावळ्यात रुळांपलीकडच्या खालच्या आळीत दिलेली. विधवा झाली तेव्हा ऐन तिशीत होती. दोन म्हशींवर तिनं संसार ओढला. बंगल्यांच्या बागांना नळाचं पाणी, आणि आळीतल्या बायकांनी मात्र हंडे घेऊन रूळ ओलांडायचे. मालगाडी आडवी उभी राहिली की उन्हात तिष्ठायचं. आळीचे पालिकेतले मेंबर एक ठेकेदार होते. दर निवडणुकीला ते नळ द्यायचे, म्हणजे तोंडानं. एकदा आत्यानं त्यांना ऐकवलं, "भाऊ, तुमच्या बोलन्यानं हंडा भरत न्हाई. अवंदा मीच हुबी ऱ्हाते." घर तिच्या नावावर, घरपट्टी भरलेली, मग तिला अडवणार कोण?

तेव्हा मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी असे, आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीच्या फटीतून चिठ्ठी आत टाकायची. आत्याच्या वाट्याला पिवळी आली. भंडाऱ्याचा रंग, म्हणून आळी खूश. पण तिथंच घोटाळा झाला. आळीतल्या माणसांनी चपला बाहेर काढल्या, पिवळ्या पेटीला हात जोडले आणि देवापुढं पान ठेवावं तशी चिठ्ठी पेटीवर ठेवली. पहिल्याचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं. वरची मतं मोजायची नाहीत असा साहेबांचा हुकूम झाला आणि आत्या पडली. आता ही आळीला शिव्यांची लाखोली वाहणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "लोकांनी पूजा केली माजी. दावलं न्हाई कुनी, तर त्यांना तरी काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी तिनं रॉकेलच्या रिकाम्या डब्याला फट पाडली आणि तो दारात मांडला. ताकाला येणाऱ्यानं आंब्याचं पान फटीतून आत सारायचं, मगच ताक मिळायचं. पुढच्या निवडणुकीपर्यंत हा नेम चालला. "म्हातारीनं दारातच पालिका मांडलीय," म्हणून ठेकेदार हसायचे. आळीतल्या आजीबाई कुरकुरायच्या, पण पान सारायच्या. याही वेळी तिला पिवळीच पेटी मिळाली, आणि मतदानाच्या दिवशी त्या पेटीवर एक चिठ्ठी नव्हती, सगळी मतं पोटात. ठेकेदारांचं हसणं त्या दिवशी बंद झालं.

निवडून आली म्हणून लगेच पाणी आलं असं नाही. सभेत विषय रस्त्याचा असो की दिव्यांचा, आत्या उठून म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या, खालच्या आळीच्या नळाचं काय झालं?" लोक तिला कंटाळले, ती कंटाळली नाही. शेवटी मंजुरी दिली ती बहुधा तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. नळाला पाणी आलं त्या दिवशी तिनं पहिला हंडा स्वतः न भरता शेजारच्या गरोदर सुनेला भरायला लावला. तिचं तोंड काही बंद झालं नाही. मग तिनं डोंगराकडच्या ठाकरवाडीच्या पाण्याचा विषय काढला. तो तसाच राहिला...

मी तिचं घर आवरायला आले आहे. सकाळी तिच्या ओट्यावर अजून माणसं येतात, गाऱ्हाणं सांगतात, सवयीनं ताक मागतात. परवा ठाकरवाडीची एक बाई आली आणि झरा आटल्याचं सांगू लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, "मावशी, आत्या गेली."

"व्हय, म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हनून तर तुमच्याकडं आले."

मी घराला कडी घातली आणि तिच्याबरोबर पालिकेत गेले.