गाळून घेतलेली नदी

मी एकदा पंचगंगा गाळून बाटलीत भरली होती. नदी किती घाण झालीय ते मोजायला मला पाठवलं होतं, आणि घाण आत जाऊ नये म्हणून मी बाटलीच्या तोंडावर फडकं धरलं. हसा. माझी नातवंडंही हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते. फक्त गोष्ट शेवटाकडं यायला लागली की मी त्यांना खेळायला पिटाळते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. एम.एस्सी. होऊन वर्षही झालं नव्हतं. शहाणपणाचं सर्टिफिकेट हातात आलं होतं, शहाणपण टपालात कुठंतरी अडकलं होतं. आमच्या विभागप्रमुख सरांना एक वेड होतं. देशात साखर किती होते आणि किती खाल्ली जाते हे सगळे छापतात, पण एक पोतं साखर तयार होताना नदीचं काय जातं हे कुणी मांडत नाही, असं ते म्हणायचे. त्यांना ते मांडायचं होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही चहात साखर किती घेता?"

"तीन चमचे," मी ठसक्यात सांगितलं. आमच्या घरी कमी साखरेचा चहा फक्त नावडत्या पाहुण्याला मिळायचा.

"मग तेवढी नदी तुम्ही प्यायलात."

मला वाटलं, सरांना डॉक्टरांनी गोड बंद केलं असणार.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका गावानं तक्रार केली. वरच्या अंगाला साखर कारखाना होता. त्याचं मळीचं पाणी ओढ्यातून नदीत उतरायचं आणि मासे मरून वर यायचे. गावाचं मागणं साधं होतं: नदीला पाणी कमी आहे तोवर कारखान्यानं हे पाणी आपल्याच तळ्यात अडवून ठेवावं. सरकारी साहेब म्हणाले, नदीचं पाणी तपासू. मासा जगण्याइतकी हवा त्यात विरघळलेली नसेल, तर अडवायला लावू. तपासणी आमच्याकडं आली. सरांचा पाय मुरगळला होता, म्हणून गेले मी.

"बाटली पाण्याखाली धरून भरा," सरांनी बजावलं. "आत एक बुडबुडा राहता कामा नये." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी कायम पहिल्या वर्गात पास व्हायची.

नदीवर वास असा की नाकाला पदर लावला तर तोंडावाटे आत यायचा. पाणी काढ्यासारखं काळपट. काठाला पांढरी पोटं वर करून मासे पडलेले. तिथं दगडावर बसून एक मावशी जाळ्यात अडकलेला गाळ काढत होती. नवरा, दोन मुलगे, सगळं घर मासे धरून जगणारं.

"काय पोरी, बाटली घिऊन कुठं? हितं रॉकेल न्हाय मिळत."

"पाणी तपासायला आलेय, मावशी."

"मग नीट तपास बाई. ह्ये पानी अडवलं तर चार मासं ऱ्हातील. न्हायतर जाळी इकाय लागत्यात आमाला."

मी नदीवर नवं, कडक खळीचं पातळ नेसून गेले होते. म्हणजे माझी तयारी तुमच्या लक्षात आली असेल. गाळात पाय घालवेना. शेवटी मावशीच आत शिरली आणि तिच्या तांब्यात पाणी भरून घेऊन आली. तांब्या हातात आला आणि मी एम.एस्सी. राहिले नाही, आईची मुलगी झाले. आमच्या घरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब भांड्यात पडत नसे. न गाळता पाणी भरणं म्हणजे नारूच्या जंताला आवतण. मी रुमालाची दुहेरी घडी बाटलीवर धरली, तांब्या उंच उचलला आणि बारीक धार सोडली. रुमालावर काळा चिकट थर बसला. तो मी तिथंच नदीत खळबळून टाकला.

मावशी बघत होती. म्हणाली, "वळण चांगलं हाय की गं तुला."

मला कोण आनंद झाला.

तपासणीचा आकडा चांगला आला. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "बाटली नीट भरली होती ना?"

"सर, तुम्ही सांगितलं होतं त्याहून काळजीनं."

यात खोटं काही नव्हतं, हेच तर वाईट. अहवाल माझ्या वळणदार अक्षरात गेला: पाण्यात माशांना पुरेशी हवा आहे. पाणी अडवण्याचं कारण दिसत नाही, असं साहेबांनी गावाला कळवलं. ओढा वाहत राहिला.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं. सर मुलांना बाटली कशी भरायची ते दाखवत होते. "वरून ओतलंत तर धारेबरोबर हवा मिसळते. मग मेलेलं पाणीही बाटलीत जिवंत निघतं." मी मागं परीक्षानळ्या पुसत उभी होते. हातातली नळी पडून फुटली वगैरे नाही. ती नीट पुसून जागेवर ठेवली आणि तास संपल्यावर सरांना तांब्या, रुमाल, सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता काय मोजणार? नदी पात्राबाहेर गेलीय. आज बाटली भरली तर सगळं चांगलंच येईल." तरी त्यांनी साहेबांना चूक कळवली. पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं उत्तर आलं.

पूर ओसरल्यावर मी गावात गेले. मावशीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "जाळी इकली त्येंनी. मासाच न्हाय तर काय करत्यात? समदी इचलकरंजीला गेली, कापडाच्या मागावर कामाला."

इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात तिची खोली शोधण्यात माझी दुपार गेली. एकच खोली. मुलगे रात्रपाळी करून भिंतीकडं तोंड करून झोपलेले. नवरा दाराशी बसून सुताच्या धुरळ्यानं खोकत होता. त्याची नजर समोरच्या गटारावर. मावशी कांड्या भरायच्या कामावर जायची, मागात घालायचं सूत गुंडाळायला. बोटांना जाळ्याच्या दोरीची सवय, सूत सारखं तुटतंय, म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता पाण्यात हवा कशी विरघळते तेही समजावायला लागले, इतकी मी शहाणी. मग रडायला लागले. ती रडली नाही. उठली, स्टोव्हला पंप मारला, पातेलं चढवलं आणि डब्याचं झाकण काढत म्हणाली,

"वळण चांगलं हाय म्हनलं त्ये मीच न्हवं का. आता गप बस. च्या पिऊन जा. साखर किती घालू, त्येवढं सांग."