क्वार्टरबॅक बघण्याचा कार्यक्रम

मला पाच जणांनी बघून नाकारलं होतं, म्हणून पुरुषांची मापं काढायची नोकरी समोर आली तेव्हा मी ती हसत घेतली. नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. मी नागपूरहून अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, संख्याशास्त्र शिकायला आले होते आणि दोन मुलींबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहत होते. आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डवर एके दिवशी चिठ्ठी दिसली: अमेरिकन फुटबॉलच्या टेप बघून आकडे मांडणारं कुणीतरी हवं आहे, खेळ कळत नसला तरी चालेल. कळत नसेल तर उत्तमच, असंही खाली लिहिलं होतं.

चिठ्ठी लावणारा म्हातारा पूर्वी एका व्यावसायिक संघासाठी गावोगाव फिरून खेळाडू हेरायचा. आता खुब्याच्या दुखण्याने घरी बसला होता आणि गॅरेजमध्ये टेपांचे ढीग लावून दरवर्षी एक पुस्तिका काढत होता. तिकडे एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो. देशातले सगळे व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं निवडतात. सात फेऱ्या होतात, आणि त्यात ज्याचं नाव आलं नाही त्याचा खेळ बहुतेक तिथेच संपतो. म्हाताऱ्याची पुस्तिका त्याआधी संघांच्या कचेऱ्यांत पोचायची आणि तिच्यात फक्त क्वार्टरबॅक असायचे. क्वार्टरबॅक म्हणजे संघातला तो एक, ज्याच्या हातात दर वेळी चेंडू आधी येतो. समोरचे धिप्पाड गडी अंगावर कोसळायच्या आत, दोन-तीन सेकंदांत, त्याला तो कुणाकडे फेकायचा हे ठरवावं लागतं.

म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, चेंडूकडे बघू नकोस, ते काम प्रेक्षकांचं. आधी पाय बघ, मग डोळे. किती सेकंदांत फेकतो ते स्टॉपवॉचवर मोज. पडल्यावर उठतो कसा ते बघ. उंची, वजन, चालण्याची ढब, चारचौघांत बोलणं. पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं माप, म्हणजे आपली वीत. ती नऊ इंचांच्या खाली गेली की म्हातारा नाक मुरडायचा. थंडीत ओला चेंडू निसटतो म्हणे. मी वहीत लिहून घेत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. ही यादी मला तोंडपाठ होती. आजवर ती माझ्यावर वापरली जात होती, एवढाच फरक.

आम्ही बौद्ध. आमच्यात पत्रिका जुळवत नाहीत, त्यामुळे नकार द्यायला मंगळाचा नि शनीचा आडोसा मिळत नाही. मग मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खातात, चहा पितात, ‘मुलगी गुणी आहे हो तुमची’ म्हणतात, आणि दारात चपला घालता घालता ‘कळवतो’ म्हणतात. कळवत कुणीच नाही. पण त्या ‘कळवतो’चा अर्थ यजमानांना तिथेच कळतो आणि कपबशा विसळायला जातात. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत असं आपण म्हणतो. मोजतात सगळेच, फक्त स्वतःच्या घरी परतल्यावर. रंग सावळा, उंची बेताची, जीभ गरजेपेक्षा लांब, हे माझे वासे आम्हाला नंतर मध्यस्थाकडून कळायचे.

त्या जिभेला गॅरेजमध्ये चांगलं काम मिळालं. एका पोराबद्दल मी लिहिलं, हात तोफेचा आणि डोकं तोफेतल्या गोळ्याचं. दुसऱ्याबद्दल, हा पळतो असा, जणू देवळाबाहेरून याची चप्पल चोरीला गेली आहे. मग तिकडच्यांना देऊळ कसं कळणार म्हणून म्हाताऱ्याने तिथे चर्च घातलं. तिसऱ्याची उंची लिहिली: पाच फूट अकरा, बूट घालून सहा, आईच्या मते सहा-दोन. म्हातारा पोट धरून हसायचा. म्हणायचा, संघातले लोक आता पुस्तिका मागून घेतात, पूर्वी मला पाठवावी लागायची. मला कुणी इतकं डोक्यावर घेतलं नव्हतं. एखादा पोरगा टेपवर चुकला की मला खरोखर आनंद व्हायचा, कारण चांगलं वाक्य चुकीवरच सुचतं. बावीस वर्षांच्या मुलांचं आयुष्य त्यात गुंतलेलं आहे हे मला कळत होतं. कळूनही मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये म्हाताऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि एका मुलाला बघायला मला एकटीला जावं लागलं. दोन तासांवर एक जुनं कोळशाचं गाव होतं. तिथल्या छोट्या कॉलेजात हा खेळायचा आणि राहायचा घरीच. म्हाताऱ्याने खाटेवरून बजावलं, “मोठ्या कॉलेजच्या पोराला वीस जण बघतात. याला बघायला कुणी जाणार नाही. आपण लिहू तेवढंच याच्याबद्दल कुणी वाचेल.” मी अपार्टमेंटमधल्या पुण्याच्या मैत्रिणीची गाडी मागून घेतली आणि टेप, स्टॉपवॉच, वही घेऊन निघाले.

जिममध्ये त्याची मापं घेतली. वीत पावणेनऊ. चेंडू फेकायला उशीर. टेपवर दिसलं होतं तेच समोरही दिसलं: हातात चेंडू आला की क्षणभर त्याची नजर बाजूला उभ्या असलेल्या कोचकडे जायची. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. पण त्याची आई गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली.

घरी गेले तर सगळा थाटच मांडलेला. वडील खाणीतून निवृत्त झालेले, दम लागत होता तरी कोट घालून बसले होते. आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची; तिने बटाटे, मांस, दोन प्रकारचे ‘पाय’, म्हणजे आत फळं भरून भाजलेले गोड पदार्थ, केले होते. जेवण झाल्यावर तो सहा फुटी मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून ट्रेमध्ये कॉफी घेऊन आला. खाली बघत, कप हलू न देता. मी त्याची चाल बघितली. मग मला विचारण्यात आले होते ते सगळे प्रश्न मी त्याला विचारले. आवडी काय, घरात कुणाचं ऐकतोस, पुढे काय करायचा विचार आहे. वडील मधेच म्हणाले, “स्वभावाने फार गरीब आहे.” हे वाक्य माझे बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, आणि माझ्याबाबतीत ते खोटं असायचं. मी दोन्ही गोड पदार्थ खाल्ले आणि मनातल्या मनात वासे मोजत राहिले.

स्वयंपाकघरात हात धुवायला गेले तेव्हा फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं पत्र दिसलं. त्याच्या जुन्या शाळेचं. गणित शिकवायचं आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मुलांना सराव द्यायचा, अशी नोकरी देऊ केली होती. मार्चअखेर उत्तर हवं होतं. मी ते नीट वाचलं. आई मागे उभी होती.

ती म्हणाली, “त्या शाळेत अशी जागा पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही. पण हो म्हटलं तर ड्राफ्टचा विषय संपतो, त्याला ऑगस्टपासून तिथे जावं लागेल. त्याचे वडील म्हणतात थांबू, मी म्हणते घेऊन टाक. तू रोज अशी मुलं बघतेस. आम्ही काय करावं?”

मला उत्तर माहीत होतं. सातव्या फेरीतही याला कुणी घेणार नव्हतं. पण दारात मी एका हाताने कोट घालत होते, दुसऱ्या हातात तिने बांधून दिलेला डबा होता, आणि वडील मागून धापा टाकत निरोप द्यायला आले होते. मी म्हणाले, “फार चांगला मुलगा आहे तुमचा. काळजी करू नका. आम्ही कळवतो.” तिने मला मिठी मारली. इतकी घट्ट मिठी पोटभर पोहे खाऊन गेलेल्या कुठल्याही पाहुण्याला माझ्या आईने मारली नव्हती, आणि तेवढ्यावरून तिने होकार ऐकलाय हे मला समजायला हवं होतं. मला वाटलं, मी सभ्यपणे वागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले. लिहिलं: चेंडू हातात आला की हा मुलगा आधी बाजूला बघतो, कोच रागावलेला नाही ना याची खात्री करतो, आणि मगच खेळतो. याला संघ नको, पालक हवेत. म्हाताऱ्याने खाटेवर वाचलं आणि टाके दुखतात म्हणून हसू दाबलं. वर्षातलं सगळ्यात चांगलं वाक्य, म्हणाला.

एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात त्या मुलाच्या आईचा फोन आला. रविवारी सगळे नातेवाईक टीव्हीसमोर जमणार आहेत, तूही ये. घरी येऊन गेलेली तू एकटीच आहेस, तू आमची पाहुणी. मैत्रीण भांडी घासत ऐकत होती. म्हणाली, “अगं, कॅन्सल कर यार. कामाचं कारण सांग. नकार दिलेल्या घरी कुणी जातं का?” मीही तेच म्हणायला हवं होतं. पण मला बघायचं होतं. पाच वेळा पाहुणे निघून गेल्यावर आमच्या घरात काय झालं ते मला माहीत होतं. ते बाहेरून कसं दिसतं हे एकदा बघावं, असं वाटलं. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

दिवाणखान्यात पंधराएक माणसं होती. मला टीव्हीजवळची खुर्ची मिळाली. वडिलांनी माझ्याशी हात मिळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “या बाईंनी काळजी करू नका म्हटलं, म्हणून आम्ही शाळेला होकार कळवला नाही. त्यांनी दुसरा माणूस घेतला.”

मी फ्रिजच्या दाराकडे बघितलं. पत्र नव्हतं.

मग आम्ही बघत बसलो. पहिल्या तीन फेऱ्या आदल्या दिवशी झाल्या होत्या. चौथी फेरी, पाचवी, सहावी. पडद्यावर एकेक नाव येत होतं आणि दर वेळी कुणीतरी म्हणत होतं, पुढचा आपला. मुलगा भिंतीवरच्या फोनखाली उभा होता. एकदा फोन वाजला, त्याने झडप घातली. आत्या होती, काही कळलं का विचारत होती. सातव्या फेरीत एका संघाने क्वार्टरबॅक घेतला. त्याच्या पळण्यावरून मी चपलेचं वाक्य लिहिलं होतं. त्याच्याही नशिबात ड्राफ्ट होता. शेवटचं नाव लागलं तेव्हा आईने केक कापून प्रत्येकाच्या हातात दिला, कारण केक केलेला होता.

साडेसहाला फोन पुन्हा वाजला. ड्राफ्ट संपल्यावर संघ उरलेल्यांपैकी एखाद्याला बोलावतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलाने फोन उचलला. तो ताठ उभा राहून बोलत होता, हो सर, नाही सर. मग त्याने काहीतरी विचारलं आणि बराच वेळ ऐकत राहिला. रिसीव्हर ठेवून आला.

“घेत नाहीत,” तो म्हणाला. “माणूस भला होता, नाही सांगायलाही फोन केला. मी कारण विचारलं तर त्याने खरं सांगितलं. एका पुस्तिकेत माझ्याबद्दल लिहिलंय.” आणि त्याने माझं वाक्य म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द. त्याचा एक चुलत भाऊ फिसकन हसला. वाक्य तसंच होतं, कुणालाही हसू आलं असतं. वडील म्हणाले, “कुठल्या नालायकाने लिहिलं हे?”

मी म्हणाले, “मी.”

चुलत भावाने टीव्ही बंद केला. मुलगा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्याने शिक्षकाला विचारावं तसं विचारलं, “चांगलं काहीच नव्हतं का?”

“होतं. तुला वाचवणारी पुढची फळी कच्ची होती. एका सामन्यात तुला नऊ वेळा आपटलं. तू नऊही वेळा उठलास, आणि दहाव्या वेळी पाय तितकेच स्थिर होते. मी बघितलेल्यांपैकी हे दुसऱ्या कुणाला जमलं नाही.”

“ते लिहिलंस?”

“नाही.”

“का?”

“वाक्य बिघडलं असतं.”

त्याने मान हलवली. खरंच समजल्यासारखी हलवली, आणि आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. आई केकच्या ताटल्या गोळा करत होती. त्या तिने टेबलावर ठेवल्या आणि माझ्यापाशी आली.

“त्या दिवशी दारात तुला माहीत होतं?”

“हो.”

“शाळेचं पत्र वाचलं होतंस.”

“हो.” मग मी तिला समजावू लागले. आमच्याकडे ज्यांच्या घरी जेवतो त्यांना दारात नाही म्हणत नाहीत, कळवतो म्हणतात, आणि घरच्यांनी त्यावरून ओळखायचं असतं. बोलता बोलता मला ऐकू येत होतं की हे किती घाणेरडं आहे. तिने मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं.

“तू नाही म्हणाली असतीस,” ती म्हणाली, “तर मी त्याच संध्याकाळी शाळेला फोन केला असता. आणि डबा तरीही दिला असता.”

तिने माझा कोट आणून हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली.