म्हशीचा चीक आणि बाईचा चीक

माझ्या धाकट्या जावेचं बाळंतपण लातूरच्या एका दवाखान्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडहून बसनं पोचले. बाळ रडून रडून लालबुंद झालेलं, आणि आमच्या सासूबाई जावेचा चीक पिळून फडक्यात टाकत होत्या. शेजारी वाटीत गुळाचं पाणी.

"घाण हाय ती. समदी निघू दे, मग पाजू," म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षांपूर्वी माझाही चीक असाच दोन दिवस फडक्यात गेला होता. तिसऱ्या दिवशी 'हिला दूधच न्हाई' असा निकाल लागला आणि पावडरचा डबा आला. माझं लेकरू डब्यावर वाढलं. औशातल्या आमच्या गल्लीत मी दूध न आलेली बाई झाले, आणि मीही ते खरं मानलं. त्याबद्दल मला माझा स्वतःचाच राग अजून येतो.

त्या रागापायीच मी स्तनपान सल्लागार झाले. मी ब्लाउज शिवणारी बाई. नांदेडच्या प्रशिक्षणाला बाकी सगळ्या सिस्टर. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "तुम्ही कोणत्या वॉर्डाला?" मी म्हटलं, "मशीनवर." खूप हसल्या. मग शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की चीक घट्ट, पिवळा, चमचाभरच येतो आणि नव्या पोटाला तेवढाच पुरतो. मी भर वर्गात ढसाढसा रडले. म्हणजे मला दूध होतं! माझ्याशिवाय कुणीच रडलं नाही. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

मी सासूबाईंपुढं हात केला. "आत्याबाई, फडकं द्या इकडं."

"लई शहाणी झालीस! चार लेकरं वाढवली म्या."

तेवढ्यात सिस्टर ताप बघायला आल्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

"तुम्ही नर्स आहात का?"

"न्हाई. पण याचंच शिक्षण घेतलंय."

"मग पेशंटला हात लावू नका. घरच्यांच्या पद्धतीत आम्ही पडत नाही. बाळ पीत नसेल तर पावडर लिहून आणते." आणि गेल्या.

जावेनं माझा हात धरला. "अक्का, मला बी न्हाईच का येणार दूध?"

सिस्टर गेली खड्ड्यात! मी गुळाचं पाणी मोरीत ओतलं, बाळाचं झबलं काढलं आणि त्याला तिच्या उघड्या छातीवर निजवलं, वरून पदर. दोनदा त्यानं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा मोठा आ केला आणि असं घट्ट धरलं, की जाऊ "आई गं" म्हणाली आणि हसायलाच लागली. खोलीत आता फक्त बाळाच्या गिळण्याचा आवाज होता.

सासूबाई फुगून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. घरची म्हैस व्याली होती, तिच्या चिकाचा खरवस. "खा. ताकदीचा असतो."

मग मात्र मला राहवलं नाही. "म्हशीचा चीक ताकदीचा, आन् हिचा घाण? म्हशीचा चीक रेडकाला पाजता का न्हाई?"

"पाजायचा न्हाई तर! न पाजता मरंल की ते..."

बोलता बोलता त्या बाळाकडं बघत राहिल्या.

"मला कुणी सांगितलंच न्हाई गं."

सिस्टर पावडरची चिठ्ठी घेऊन आत आल्या. सासूबाई उठून त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. "बाई, पहिलाच चीक पाजायचा असतोय, हे तुमाला ठावं व्हतं का?"

"माहीत असतं की, आजी."

"मग कालपास्नं म्या पिळत व्हते, बोलला का न्हाईत?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

सासूबाईंनी चिठ्ठी घेतली नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "तुझ्या वक्ताला बी ठावं असंल ह्यांना."

असणारच. माझ्या वेळीही खोलीत एक सिस्टर होती. पिळायला स्वच्छ फडकं तिनंच आणून दिलं होतं.