होडीचं दावं

माझ्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, काहीही विकता येत नसे. बाजारात वांगी घेऊन बसले तरी गिऱ्हाइकाला आधी किडकं वांगं दाखवायचे. अशा माणसाची शर्यतीची होडी विकून देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच.

आमच्या अल्लीपुरात होडी कुठून आली, हे सांगायला हवं. मोठेबाबा नागपूरला तलावाकाठच्या एका नौका क्लबात चौकीदार होते. नोकरी संपली तेव्हा क्लबाने मोडीत काढलेली शिडाची होडी त्यांनी घेतली आणि ट्रॉलीत घालून गावी आणली. स्वतःला पोहता येत नव्हतं. होडी गुरांच्या कोठ्यात पसरली आणि गाभण गाय बाहेर, ताडपत्रीखाली आली.

"गाय व्याच्या आत हे धूड काढा, नाई तं भंगारवाल्याले देऊन टाकीन," मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, म्हणाली.

मी मोबाइलवर जाहिरात टाकली. तेव्हा कळलं, जुनी मोटारसायकल कोणीही विचारतं; शर्यतीच्या होडीला मात्र शर्यत खेळणाराच लागतो. तोही आधी शीड किती जुनं ते विचारतो, आणि तिथेच निम्मी किंमत जाते. असं गिऱ्हाईक वर्धा जिल्ह्यात मला तरी सापडलं नाही. जे आले त्यांना मोठेबाबांनी परत पाठवलं. एकाला धरणात मासे धरायचे होते, दुसऱ्याला लग्नाच्या लॉनवर ती फुलांनी सजवून ठेवायची होती.

"मोठेबाबा, विकायची आहे ना?" मी चिडून विचारलं.

"विकाचीच हाय. पन शंकरपटाच्या शर्यतीत पळालेला बैल कोनी शोभेले बांधते काय, पोरी?"

शेवटी नागपूरहून मुलांना नौका चालवायला शिकवणारे एक सर आले. "तळ चांगला आहे," असं मी म्हणणार तोच मोठेबाबा बोलले, "सर, इथून फुटली व्हती. मीच सांधली. अन् शीड बी म्हातारं झालं." मी कपाळाला हात लावला. सरांनी ती घेतली, पण भाव पडलाच. मोठेबाबांनी होडीच्या नाकाला कुंकू लावलं. मोठीआईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, बहुधा आनंदाने.

पुढल्या आठवड्यात सरांचा फोन आला. "अगं, शीड ओढून धरायची दोरी कुठे आहे? तिच्याशिवाय होडी चालायची कशी?"

मी कोठ्यात गेले. गाय व्याली होती, आणि वासरू त्याच लाल-निळ्या दोरीने खुंट्याला बांधलेलं होतं.

"मोठेबाबा! ही होडीची दोरी!"

"मंग? जनावर द्याचं, दावं नाई द्याचं. दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते."

"ती होडी आहे, बैल नाही!"

"पळत तं व्हती ना?"

समजावून समजावून मी थकले. शेवटी सरांनीच नवी दोरी घेतली. फोनवर ते ज्या आवाजात बोलले, तो अजून माझ्या कानात आहे.

मागच्या हिवाळ्यात मोठेबाबा गेले. परवा त्या वासराचा, आता चांगला गोऱ्हा झालेल्याचा, सौदा झाला. समुद्रपूरचा शेतकरी म्हणाला, "दोरी मजबूत हाय वो ताई, राहू द्या तशीच."

मोठीआई माझ्याकडे बघत होती. मी खाली वाकले, विटलेल्या त्या दोरीची गाठ सोडली आणि म्हटलं, "भाऊ, दावं तुमचं लावा."